आईच्या आवाजाची कॅसेट

कॅसेट खराब असली की व्हीसीआर आधी कुरकुरतो आणि मग एकदम गप्प होतो. त्या गप्प होण्याची मला अजून भीती वाटते. कोल्हापुरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी लोकांच्या लग्नाच्या कॅसेटींच्या डीव्हीडी करून द्यायचे, तेव्हाची ही गोष्ट. व्हीसीआरची वायर कॉम्प्युटरला जोडायची, कॅसेट चालवून तिची फाइल भरून घ्यायची, आणि ती अवाढव्य फाइल डीव्हीडी प्लेअरला वाचता येईल अशी बदलायची. सांगायला सोपं. पण कॅसेट हातात देताना लोक म्हणायचे, ताई, एवढीच हाय बघा, आणि मी ती दोन्ही हातांनी घ्यायचे. एवढीच आहे तर इतकी वर्षं माळ्यावर उंदरांच्या हवाली का केलीत, असं मी तोंडावर विचारायचे. आणि माझ्या स्वतःच्या लग्नाची कॅसेट कुठं? माहेरच्या ट्रंकेत, तळाला. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

माहेर हातकणंगल्याचं. आप्पा शिरोलीला फौंड्रीत होते. आई घर सांभाळायची आणि दर पौर्णिमेला विहारात वंदना सांगायची. तिचा आवाज असा खणखणीत की माईक बंद पडला तरी मागच्या माणसाला पत्ता लागायचा नाही. गल्लीतल्या भांडणातही तोच आवाज कामाला यायचा, आणि समोरची बाई निम्म्यातच घरात जायची. माझ्या लग्नात विधी लावणारे बौद्धाचार्य दुसऱ्या लग्नात अडकले. मांडवात सगळे घड्याळ बघायला लागले, तशी आईनं पदर खोचला, माईक घेतला आणि आम्हा दोघांना त्रिशरण-पंचशील तिनंच दिलं, एक ओळ ती म्हणायची आणि तिच्या मागून आम्ही. नवरीच्या आईनंच लग्न लावलं म्हणून पाहुणे पुढं कितीतरी दिवस बोलत होते.

पुढं काही वर्षांनी तो आवाज बसायला लागला. घसा धरलाय म्हणून हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं. महिने गेले तरी घसा सुटेना. बोलायला लागली की नुसता घोगरा वारा यायचा. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं की गाठ आहे, घशातली आवाजाची पेटीच काढावी लागेल. जीव वाचेल, पण आवाज परत येणार नाही. आप्पा डॉक्टरांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसले. आई मात्र रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आवाज जातोय. मी न्हाय." आणि थोडं पुढं गेल्यावर विचारलं, "तुझ्या लग्नाच्या कॅसेटीत माझा आवाज हाय का गं?"

ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याचं असं झालं. त्या काळात शूटिंगवाले कॅसेट तयार करताना लग्नातला खरा आवाज पुसून टाकायचे आणि वर सिनेमाची गाणी आणि सनई घालायचे. खरा आवाज ठेवायचे तो मंगलाष्टकांपुरता. आमचा शूटिंगवाला कबनूरचा, माणूस भला, पण बौद्ध लग्न त्यानं पहिल्यांदाच केलेलं. त्याला मंगलाष्टकं काही सापडेनात. आपल्याकडनंच घ्यायची राहिली असतील असं समजून त्या शहाण्यानं दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नातली मंगलाष्टकं आणून आमच्या लग्नावर चिकटवली! शेजाऱ्यांचा व्हीसीआर आणून सगळी भावकी कॅसेट बघायला बसली. पडद्यावर मागं बुद्धमूर्ती, पुढं माईक धरलेली माझी आई, आणि तिच्या तोंडातून एका भटजींचं सावधान. बायका हसून लोळल्या. आप्पांचं मात्र डोकं फिरलं. त्यांनी तसंच कबनूर गाठलं आणि त्या माणसाला भर रस्त्यात झाडलं. त्यानं माफी मागितली, दुसऱ्या आठवड्यात दुरुस्त केलेली नवी कॅसेट घरी आणून दिली. आप्पांनी ती न बघताच ट्रंकेत टाकली. पुन्हा तिचं नाव काढायची कुणाची हिंमत झाली नाही.

आता प्रश्न हा, की दुरुस्त म्हणजे त्यानं केलं काय? आईचा आवाज परत घातला, की मंगलाष्टकं काढून तिथंही सनई ओतली? त्याला विचारावं तर तो धंदा बंद करून कुठं गेला ते कबनूरमध्ये कुणालाच सांगता येईना. कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट मिळायची आशा नव्हतीच, कारण त्याच कॅसेटीवर ही मंडळी पुढचं लग्न घ्यायची. आईचा आवाज आता नव्यानं भरून घ्यावा, तर भरायला आवाज उरला कुठं होता?

आप्पांनी कॅसेट पिशवीत गुंडाळून कोल्हापूरला आणली. मी झाकण उचलून बघितलं. रिळाच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती. अशी कॅसेट गिऱ्हाइकानं आणली असती तर मी हात लावला नसता. जमेल तेवढी पुसली, व्हीसीआरची टेप वाचणारी हेडं स्पिरिटनं साफ केली आणि कॅसेट आत ढकलली. आप्पा मागं खुर्चीवर. मी त्यांना म्हटलं, एक शब्द बोलू नका.

हळदीवर गाणं. वरातीवर गाणं. पाहुण्यांच्या गळाभेटींवर गाणं. चित्र मधेच फाटायचं, पुन्हा सावरायचं. स्टेज आलं तरी सनई चालूच. आईनं पदर खोचला, माईक घेतला, आणि सनई चालूच. आता संपलं, मी मनात म्हटलं. मला इतकी भीती वाटली की उठून व्हीसीआर बंद करावा आणि आईला सांगावं, कॅसेट चाललीच नाही. तेवढ्यात सनई मधेच तुटली. खरखर झाली, माईकवर कुणीतरी टकटक केलं, आणि आईचा आवाज आला. तोच खणखणीत. मला वाटलं होतं तिचा आवाज मला पाठ आहे. डोंबल पाठ! त्या घोगऱ्या महिन्यांत मी तो विसरून गेले होते.

आप्पा उठून बाहेर गेले. मी रडले नाही, कारण व्हीसीआर कुरकुरायला लागला होता. वंदना पुरी झाली, जेवणावळी सुरू झाल्या आणि तो गप्प झाला. कॅसेट ओढून काढली तर निम्मी टेप शेवयांसारखी आत गुंतलेली. म्हणजे आता आईचा आवाज जगात एकाच जागी उरला होता, माझ्या कॉम्प्युटरमधल्या त्या फाइलीत.

आगीतून उठून फुफाट्यात, ते असं. फाइल डीव्हीडीसाठी बदलायला लावली, काम निम्म्यावर आलं आणि वेळ नसताना लाईट गेली. आमच्या भागातलं लोडशेडिंग त्या दिवशी दुपारचं होतं, गेली सकाळीच. यूपीएसनं थोडा वेळ शिट्या मारल्या आणि मान टाकली. लाईट येईपर्यंत मी त्या काळ्या पडद्यासमोर बसून होते. आली तेव्हा कॉम्प्युटर बराच वेळ स्वतःशीच पांढऱ्या ओळी छापत राहिला. बदललेली फाइल गेली होती. मूळ फाइल उघडते का बघायला माझं बोट धजेना. शेवटी डोळे मिटून बटण दाबलं. उघडली. आधी तिची दुसरीकडं नक्कल काढून ठेवली, मगच पाणी प्यायले.

पुन्हा बदलली, तर नवंच दुखणं. बुरशीच्या जागी कॉम्प्युटरनं चित्रं गाळली होती, आवाज मात्र सगळा घेतला होता. त्यामुळं चित्र पुढं पळत होतं आणि आवाज मागं पडत होता. आईचे ओठ मिटायचे आणि आवाज नंतरही चालूच. जणू आवाज तिला सोडून निघालाच होता.

त्याच दिवशी तिला दवाखान्यात भरती करायचं होतं, म्हणून आप्पांनी तिला आमच्याकडं आणलं होतं. निघताना ती दारात थांबली आणि खुणेनंच विचारलं, हाय का? मी म्हटलं हाय. लावू का, एकदा ऐकतेस का, असंही विचारलं. तिनं मान हलवली.

"आत्ता नको. आजून मला बोलता येतंय. मग ऐकीन."

ती दवाखान्यात होती तेवढे दिवस मी दवाखाना आणि कॉम्प्युटर एवढंच केलं. वंदनेची एकेक ओळ वेगळी काढायची, आवाज उचलून ओठांवर बसवायचा, पुढची घ्यायची. ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बाकावर बसल्यावरही माझ्या डोळ्यांपुढं तिचे ओठच होते. आई शुद्धीवर आली, तिनं तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. मला माहीत होतं तसं होणार. तरी मी घाबरले, आणि ती माझ्याकडं बघून घाबरली.

घरी आल्यावर पौर्णिमेला तिनं स्वतःच टीव्हीकडं बोट केलं. गळ्यातल्या भोकावर पांढरा कपडा बांधलेला, तिथून श्वास यायचा-जायचा. मी डीव्हीडी लावली. माझं सगळं लक्ष पडद्यावर. ओठ आणि आवाज नीट जुळले होते, कुठंही घसरत नव्हते. मी सुटकेचा श्वास टाकून वळले, तर आई हात जोडून बसली होती आणि तिचेही ओठ हलत होते. ती टीव्हीतल्या आईबरोबर म्हणू बघत होती. पण श्वास पुरत नव्हता. ओळ निम्म्यावर असतानाच टीव्हीतली आई पुढं निघून जायची, आणि ती मागं राहायची.

मी पॉज दाबला. तिनं दचकून माझ्याकडं बघितलं, तिला वाटलं बिघडलं. मी रिमोट दाखवला आणि म्हटलं, सावकाश म्हण. तिनं ती ओळ ओठांनी पुरी केली आणि सतरंजीवर बोट वाजवलं. मग तिच्या मागून ती ओळ आप्पांनी आणि मी मोठ्यानं म्हटली, लग्नात मी म्हटली होती तशी. पुढच्या ओळीला मी परत पॉज दाबून थांबले. तिनं बोट वाजवलं की आम्ही म्हणायचो.