आबांचं कापडाचं कार्ड

फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी आमच्या धाकट्या चुलत्यांइतका खर्च केलेला माणूस साऱ्या पुणे जिल्ह्यात सापडायचा नाही. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. लासुर्ण्यात घर, साखर कारखान्यात कायमची नोकरी, दारात एक मोपेड आणि घरात ते नि काकी अशी दोनच माणसं. त्यामुळं पगार उरायचा आणि उरलेला पगार कुठल्या ना कुठल्या स्कीमच्या पायी सत्कारणी लागायचा. चहाच्या पुड्यात चमचा निघतो म्हटल्यावर तो चहा त्यांनी वर्षभर तोंड वाकडं करून प्यायला. धुण्याच्या पावडरीवर बादली मिळते असं कळलं, तेव्हा स्वतः आडावर बसून धुतलेले कपडे पुन्हा धुवायला घेतले. त्यात माझा निळा सदरा पांढरा झाला. मी कुरकुर केली तर म्हणाले, "सदरा काय, फिरून घेता येतोय. बादली बघ की कसली हाय!" बादली चांगली होती, हे खरं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी अशा माणसाच्या कारखान्यात पुण्याहून टाय लावलेला एक पोरगा क्रेडिट कार्डं घेऊन आला. आता काय होणार ते सांगायलाच नको. कार्डावर खरेदी करायची, पैसे महिन्यानं भरायचे आणि वर पाइंट मिळणार. पाइंट साठले की चित्रांच्या पुस्तकातली वस्तू घरपोच. आबांनी पुस्तक उघडून थेट मिक्सरवर बोट ठेवलं, कारण पाट्यावर वाटून वाटून काकींचं मनगट दुखायचं. पण कार्डं निघाली दोन प्रकारची: एकावर पेट्रोलला दुप्पट पाइंट, दुसऱ्यावर कापडाला. मी तेव्हा बारामतीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, म्हणजे अर्थशास्त्रातलं मला न कळणारं काही उरलेलंच नव्हतं. मी त्यांना समजावलं, की आपला खर्च कुठं होतो ते बघून कार्ड घ्यावं. तुमची मोपेड रोज कारखान्याला जाते. कापड तुम्ही दिवाळीला घेता, तेही पाच वर्षं टिकेल असं. आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं, व्हय व्हय म्हणाले आणि कापडाचं कार्ड घेतलं. आमच्या वडलांनी कपाळाला हात लावला.

आमच्याकडं लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं जीप करून बारामतीला बस्ता बांधायला जातात. नवरीच्या शालूपासून मानपानाच्या टॉवेल-टोपीपर्यंत सगळं कापड एका बैठकीत घ्यायचं. आबा-काकींना मूलबाळ नव्हतं, त्यामुळं त्यांच्या घरून बस्ता कधी निघालाच नव्हता. दुसऱ्यांच्या बस्त्यालाही मूल नसलेल्या बाईला कुणी मुद्दाम नेत नसे. "कशाला तुमाला तरास," असं गोड बोलून बायका जीपमध्ये बसायच्या. काकीही, मला बी भाकरी थापायच्यात, म्हणत आत वळायच्या. काकींना साड्यांची भारी हौस, त्यामुळं मला ते अगदी बघवत नसे.

कार्ड आलं आणि आबांनी गावात सांगून ठेवलं, की बस्त्याचे पैसे माझ्या हाती द्या, दुकानात कार्ड मी चालवतो. तुमचं काही जात नाही, माझे पाइंट वाढतात. आबांचं वेड सगळ्यांना माहीत, त्यामुळं लोक हसून कबूल व्हायचे. मग जीपमध्ये आबांना जागा ठेवणं आलं. जागा मिळाली की आबा म्हणायचे, कार्ड हिच्या बटव्यात असतंय, ही आल्याबगर कसं चालंल? झालं, काकींनाही जागा करावी लागायची.

दुकानदार रशीदभाईंकडं कार्ड घासायचं एक लोखंडी यंत्र होतं. धूळ बसू नये म्हणून ते त्याला खणाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवायचे. आबा आले की यंत्र बाहेर निघायचं, आणि बँकेच्या परवानगीसाठी पुण्याचा फोन लागेपर्यंत दोनदा चहा व्हायचा. तोवर काकींच्या पुढ्यात लुगड्यांचा ढीग पडलेला असायचा. हे पहिल्या धुण्यात जाईल, हे पोरीच्या रंगाला खुलेल, असं त्या पदराला नुसती बोटं लावून सांगायच्या. एकदा कन्हेरीची एक विहीण मानाचं लुगडं पसंत नाही म्हणून भिंतीकडं तोंड करून बसली. बोलाचाली वाढून सोयरीकच मोडायची वेळ आली. काकींनी ढिगातून एक अंजिरी लुगडं ओढलं, विहिणीच्या खांद्यावर टाकलं आणि आरसा धरला. विहीण हसली, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्यानंतर लोक बस्त्याचा दिवस आधी काकींना विचारून धरायला लागले.

मिक्सरपुरते पाइंट तर ह्याच्या कितीतरी आधीच साठले होते. मी मागवा म्हणून मागं लागायचो आणि आबा, येवढा लग्नाचा हंगाम जाऊ दे, म्हणायचे. असं करता करता पाइंटांची मुदत संपली आणि सगळे पाइंट बुडाले. मी तणतणत त्यांच्या घरी गेलो. काकी आत वाटण वाटत होत्या, आबा दारात मोपेड पुसत होते. माझं सगळं बोलून होईपर्यंत ते पुसतच राहिले.

"मिक्सर आला आसता रं," ते आवाज खाली आणून म्हणाले, "पण मग म्होरच्या बस्त्याला हिला काय सांगून जीपमंदी बसवली आसती?"

त्या दिवाळीला बोनस झाला तेव्हा आबांनी रोख पैसे मोजून मिक्सर आणला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी खरेदी केली आणि दुकानदाराला वर काय देता असं विचारलं नाही.

आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यामागं कार्ड बंद झालं, पण काकींना बोलावणी येतच राहिली. परवा माझ्या मुलीचा बस्ता होता. गाडी सगळ्यांत आधी काकींच्या दारात लावली. शालू त्यांनीच निवडला, आणि शालू हातात असताना मला आबांची फार आठवण आली. बिलाच्या वेळी मी खिशातून कार्ड काढलं. काकींनी ते माझ्या हातातून घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"ह्याच्यावर बी पाइंट मिळत्यात?"

मिळतात, मी म्हणालो.

"मग खर्चू नगंस येवढ्यात," काकी म्हणाल्या, आणि कार्ड आपल्या बटव्यात टाकलं.