मामांचे चार दिवस

आमच्या मामांना दम लागलेला पाहिलेला माणूस डोंगरावरच्या अख्ख्या तळेघर गावात सापडणार नाही. मी पाहिला आहे, पण त्यासाठी मला लेहपर्यंत जावं लागलं. एरवी सत्तरी गाठलेला हा गृहस्थ भाताचं पोतं डोक्यावर घेऊन चढ असा चढतो, की मागून मोकळ्या हातांनी येणाऱ्या आम्हा खालच्या मंचरकरांना लाज वाटावी. एसटीची वाट बघणं हा मामांच्या मते पायांचा अपमान आणि दम लागणं हा खास देशावरच्या लोकांचा रोग. एकदा मी चढावर धापा टाकत बसलो, तर वरून म्हणाले, "पावणं, बसा निवांत. न्हायतर असं करू, डोंगरच खाली आणू." सख्ख्या भाच्याला पावणं म्हणायचे, यावरूनच काय ते समजा!

पण या कडक माणसाचा एक भलताच दयाळू कायदा होता. खालच्या बाजारातून आणलेला बैल वर आला, की मामा त्याला चार दिवस जुंपत नसत. भाताची चिखलणी तोंडावर आलेली असो, शेजारी हसोत, बैल आपला दावणीला रवंथ करत उभा. "वरचं पाणी, वरचा चारा, वरची हवा आंगी लागू द्या, मंग जुंपा," हे त्यांचं म्हणणं. बैलापुरतं ठीक होतं हो, पण मामांनी तो कायदा सगळ्या सृष्टीला लावला. शाळेत नवे मास्तर आले, तर मामांनी चार दिवस पोराला शाळेत धाडलं नाही. का, तर मास्तरांना आधी हवा मानवू दे! मामींनी हौसेनं मिक्सर आणला, तो चार दिवस खोक्यातच बसला. मी सुट्टीत गेलो की चार दिवस मला कळशीसुद्धा उचलू देत नसत, आणि पाचव्या दिवशी पहाटेच गोठ्यातून हाक यायची. मामी कपाळावर हात मारून म्हणत, "ह्यांच्या हाती आसतं तर लग्नात मलाबी चार दिस मांडवातच बांधून ठेवलं आसतं."

त्या मामी दोन वर्षांपूर्वी ऐन थंडीत गेल्या. माझा मामेभाऊ, म्हणजे मामांचा एकुलता एक मुलगा, फौजेत आहे. तेव्हा तो लडाखमध्ये बर्फातल्या एका ठाण्यावर होता. रस्ता बंद, हेलिकॉप्टर उडेना. तो घरी पोचला तेव्हा तेरावंही उरकलं होतं. मामांनी त्याला "जेवलास का?" एवढंच विचारलं, आणि पुढे फोनवरही ते त्यापलीकडे गेले नाहीत. माझ्याजवळ मात्र एकदा बोलून गेले, "एवढी इमानं हायती, आन् आईसाठी यायला एक न्हाई घावलं?" हे बापलेक आता कायमचे तुटणार, असं मला वाटायला लागलं. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात भावाची लेहला बदली झाली, तशी मीच मामांची मनधरणी करून त्यांना विमानात बसवलं.

लेहला उतरल्याबरोबर मामांनी जाहीर केलं, "हवा तर मोप हाय की, राव!" खोली पहिल्या मजल्यावर होती. न्यायला आलेला भाऊ वडिलांना परोपरीनं सांगत होता, "दादा, पिशवी मला द्या, सावकाश चढा." पण पिशवीत घरचा तांदूळ आणि नाचणीचं पीठ, मामा कसली देतात! अर्ध्या जिन्यात ते थांबले. कठडा धरून उभे राहिले आणि मग पायरीवरच बसले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"जिना लई उंच हाय," ते म्हणाले.

"जिना नाय दादा, गाव उंच हाय," भाऊ म्हणाला. "वारा मोप आसला तरी हवा पातळ हाय. घरी एका श्वासात जेवढा ऑक्सिजन भेटतो, त्याचा तिसरा हिस्सा हितं कमीच. आंगाला सवय व्हायला दोन-तीन दिस पडून ऱ्हावं लागतं."

मामा तरीही उठायला बघत होते. तेव्हा भावानं त्यांच्या हातातली पिशवी हळूच सोडवून घेतली आणि विचारलं, "दादा, खालचा बैल वर आणला की काय करायचं?"

स्वतःचाच कायदा मोडणार कसा? मामा निमूटपणे जाऊन आडवे झाले.

दोन दिवस मामा पलंगावर आणि भाऊ उशाशी. तो घोट घोट पाणी पाजी, डोकं दुखतंय का विचारी. पडल्या पडल्या मामांनी त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. ते ठाणं इथूनही किती उंच, तिथं खाता काय, झोप लागते का. भाऊ सांगत होता, की तिथं बुटाची नाडी बांधली तरी धाप लागते आणि वादळ सुटलं की हेलिकॉप्टरचं तोंड दिसत नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं मामांना गच्चीवर नेलं आणि लांबची बर्फाची रांग दाखवली. "तिच्या पल्याड व्हतो मी."

मामांनी डोळ्यांवर हात धरून ती रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग पोराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आरं, मला जिना चढवंना. तू तिथनं येणार कसा व्हतास?" आणि रडले. मामी गेल्या तेव्हाही न रडलेला माणूस! भाऊही रडायला लागला. मला काय करावं सुचेना, म्हणून मी खोलीत जाऊन त्यांनी आणलेला तांदूळ निवडत बसलो.

आता मामा तळेघरात एकटेच असतात. भाऊ वर्षातून एकदा महिनाभर येतो, तेव्हा गावाला त्याच्यासाठी हमखास कामं सुचतात. मामा ती सांगायला येणाऱ्यांना दारातूनच वाटेला लावतात, "आत्ताच आलाय तो. चार दिस हवा लागू द्या." भाऊ ओसरीवर मामींच्या जागी बसून राहतो आणि मामा समोर बसून त्याच्याकडे बघतात. गेल्या खेपेला मी गेलो, तर भावाची बॅग भरून दारात ठेवलेली. सुट्टी संपून तो दुपारच्या एसटीनं निघणार होता. तेवढ्यात शेजाऱ्यानं त्याला हाक मारली, "जरा हा पत्रा धरतोस का रं?"

मामा चुलीपुढे भाकरी थापत होते. तिथूनच ओरडले, "कुणी काम सांगू नगा रं त्याला. त्याचं चार दिस आजून व्हायचंत."