वडिलांच्या दंडावरची शाईची रेघ

१९५३ सालच्या फेब्रुवारीची नऊ तारीख, सकाळचे साडेआठ. डोंबिवलीच्या दवाखान्यात वडिलांनी सदऱ्याची बाही वर केली आणि त्यांच्या दंडावर देवीची लस टोचली गेली. निर्णय माझा होता.

ठाकुर्लीच्या रस्त्याला, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, एका घरी देवी आल्या होत्या. वडील साठी ओलांडलेले, जुने मधुमेही. आदल्या वर्षी चपलेने सोललेली त्यांची टाच भरून यायला दिवाळी उजाडली होती. लस टोचली नाही तर देवीचा धोका. टोचली तर टोचल्याची जखम चिघळण्याचा. डॉक्टर म्हणाले होते, "जखमेशी झगडता येईल. या प्रकृतीत देवीशी नाही."

"वस्तीत देवी आलेली असताना तिला सुईने डिवचायची?" वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, आदल्या दिवशी कडाडली होती.

"लहानपणी देवी काढल्यात की माझ्या," वडील म्हणाले.

"अण्णा, त्या लशीचा जोर कधीच ओसरला," मी समजावले.

"माझाही ओसरलाय. मला कुठे कोणी नवा करून देतं?"

तिसऱ्या दिवशी दंड कोरा होता. लस लागलीच नसावी. मी आत्याला स्पष्ट विचारले, "तुम्ही दंड पुसलात का?"

"पुसेन कशाला? लस वाळेपर्यंत त्याला सदऱ्याची बाही खाली घेऊ दिली नाही मी. माझा भाऊ आहे तो."

पुढे फोड आला. लस लागली म्हणून वाटलेला दिलासा दोन दिवसही टिकला नाही. दंड तापला, भोवतीची लाली पसरू लागली. स्पिरिटच्या दिव्यावर लघवी तपासली की निळे द्रावण विटकरी होई. साखर वाढली होती. लालीच्या कडेने मी शाईची रेघ ओढली. दुसऱ्या सकाळी लाली रेघेबाहेर गेली होती. डॉक्टरांनी पेनिसिलिन सुरू केले, इन्सुलिन वाढवले. मी नवी रेघ ओढली. त्या दिवसांत कॉलेजच्या वर्गात प्राध्यापक काय शिकवत होते, ते मला आठवत नाही.

आत्या आता चहाआधीच विचारू लागली, "रेघेच्या आत आहे ना?"

दोन दिवस मला नवी रेघ ओढावी लागली. तिसऱ्या सकाळी लाली रेघेच्या आत होती.

खपली बऱ्याच उशिरा पडली. आत्याने दंड उजेडाकडे वळवून धरला, मी मोजपट्टी लावली. कोरडा, गुलाबी वण: नऊ मिलिमीटर.