गाळ्यात किती माणसं राहतात

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही गावाला, भावंडं सांभाळत. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कोणाच्या हाती पडलंच तर चुका काढत बसू नये.

मी लग्न होऊन डिलाईल रोडच्या चाळीत आले आणि अजून तिथेच आहे. आमच्या खोलीला लागून आमच्या गावाचा गाळा आहे. गाळा म्हणजे गावातल्या लोकांनी मिळून भाड्याने घेतलेली एक मोठी खोली. गावाहून गिरणीत कामाला येणारा माणूस पत्र्याची ट्रंक घेऊन सरळ गाळ्यात यायचा. वर्गणी भरली की भिंतीवरची एक खुंटी त्याची. तो गावी परतला किंवा वारला, की खुंटी त्याच्या मुलाची. हे सगळं तोंडी. भाड्याची पावती मात्र एकाच माणसाच्या नावाने फाटते. माझ्या नवऱ्याचीही तिथे खुंटी होती. ते गेले, आता ती माझ्या मुलाची. मुलगा बायको-पोरांना घेऊन नालासोपाऱ्याला राहतो, पण खुंटी सोडलेली नाही. कोणीच सोडलेली नाही. चाळ पाडून टॉवर होणार असं कधीपासून चाललंय. टॉवर झाला तर गाळ्याच्या बदल्यात गावाला मुंबईत एक जागा मिळेल, आणि गाळाच हातचा गेला तर गावाचं मुंबईत काही उरणार नाही. एवढी साधी गोष्ट आहे.

गाळ्यात बायकांनी जायचं नाही अशी रीत होती. पुरुष पाळीपाळीने आमच्याकडे जेवायला यायचे. खानावळ सासूबाईंची, त्यांच्यानंतर माझी. मी आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला बजावलं होतं. बाहेरच्या कोणी विचारलं, गाळ्यात किती माणसं राहतात, तर म्हणायचं, "घरचीच आहेत." आकडा सांगायचा नाही. मालकाला जास्त माणसं चालत नसत. रेशनवाला असो, शिरगणतीचे मास्तर असोत, सगळ्यांना एकच उत्तर. तसा खरा आकडा आम्हालाही सांगता आला नसता. एक वळकटी तिघांची असायची. रात्रपाळीचा घरी यायचा तेव्हा दिवसपाळीवाल्याची ऊब अजून गादीत असायची. काहींची तोंडं मी फक्त जेवताना पाहिली, झोपलेली कधीच नाही.

मागच्या वर्षी एक मुलगी आली. पाठीला पिशवी, बोलणं पुण्याकडचं. म्हणाली, "मावशी, या भागात कोण कुठून आलं, किती राहिले, किती गेले, त्याचा मी अभ्यास करतेय."

मी दार अर्धंच उघडलं होतं. आमच्याकडे पाण्याचं मशीन विकायला येतात, लाईटचं मीटर बघायला येतात, आणि जाताना खोलीची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजून जातात. मला कळतं ते. मी तिला म्हटलं, मला काही माहीत नाही, मी शिकलेली नाही. ती गेली नाही. उंबऱ्याबाहेर बसली आणि विचारलं, "तुम्ही रोज तांदूळ किती धुवायचात?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी दार उघडलं.

त्या दुपारी मी बोलले तेवढी आयुष्यात बोलले नसेन. तांदळाचं सांगितलं, कालवणाच्या टोपाचं सांगितलं. समोरच्या इमारतीत बौद्ध मंडळी, तीही गिरणीतलीच. पण सासूबाईंच्या तरुणपणी त्यांना मागावर घेत नसत, कारण सूत तोंडाने ओढावं लागे आणि त्यांचं उष्टं सूत बाकीच्यांना चालत नसे, हे सांगितलं. त्यांचा जयंतीचा मांडव आणि आमचा गणपतीचा मांडव एकाच बांबूंचा असतो, हेही सांगितलं. मागच्या चाळीत घाटावरचे, त्यांच्या बायका आमच्या माशांच्या वासाला नाकं मुरडायच्या आणि रविवारी वाटी घेऊन दारात. गिरण्या बंद पडल्यावर आमचे पुरुष वॉचमन झाले, कुरिअरवाले झाले, काही गावी जाऊन बसले. आता अर्ध्या खोल्यांत बाहेरची पोरं भाड्याने राहतात. मी त्यांना चपात्या लाटून देते, पण कुठल्या गावची ते मला ठाऊक नाही. समोरच्या टॉवरमध्ये कोण राहतं हे तर तिथल्या वॉचमनलाच माहीत, आणि तो आमच्या गावचा आहे. यावर ती हसली. मग विचारलं, "आणि आता गाळ्यात किती?"

मी सांगून बसले. करोनात सगळे गावी गेले ते कितीतरी महिने आलेच नाहीत, गाळ्याला कुलूप होतं. आता दोघे असतात, तेही सणावाराला गावी जातात, मग परत कुलूप. तिचा मोबाईल आमच्या मधे जमिनीवर पालथा पडला होता. त्यात माझं बोलणं भरलं जात होतं हे मला माहीत होतं, तिने आधी विचारलं होतं. पण बोलायच्या नादात मी ते विसरले.

जाताना तिने पाकीट दिलं. आत दोन हजार रुपये. "तुमचा वेळ घेतला त्याचे. सगळ्यांनाच देतो आम्ही." मी नको म्हटलं, तिने डब्याच्या झाकणावर ठेवलं आणि गेली. त्यातून मी गॅस भरला आणि गुडघ्याचं औषध आणलं.

पंधरवडाही झाला नसेल, मालकाचे मेहताजी आले. मेहताजी म्हणजे भाडं गोळा करणारा म्हातारा. गाळ्यातले दोघे तेव्हा गावी होते. मेहताजींनी खोल्यांचं भाडं घेतलं आणि गाळ्याच्या कुलपासमोर उभे राहिले. कुलपाला बोट लावून त्यावरची धूळ पाहिली. मी चपात्या करत होते. मला म्हणाले, "ये लोग आते नहीं क्या अभी?" मी म्हटलं, कामाला गेले. पण गाळ्याचं भाडं त्यांनी त्या महिन्यात घेतलं नाही. पुढच्याही नाही. म्हणाले, "सेठ ने बोला है, रुको."

भाडं घ्यायचं थांबवलं की पुढे काय होतं ते चाळीत सगळ्यांना माहीत आहे. जागा वापरात नाही म्हणून मालक कोर्टात जातो. भोईवाड्याच्या बाजूला एका गावाचा गाळा असाच गेला.

गाळ्याची पावती माझ्या चुलत दिराच्या नावाने आहे. भावोजींचं वय झालंय, ते लालबागला मुलीकडे राहतात, पण गाळ्याचा कारभार तेच बघतात. मी त्यांना फोन केला आणि मुलीचं सगळं सांगितलं. ते त्याच संध्याकाळी आले, उंबऱ्यावरच बसले.

"चेडू खयचा?"

"मुलगी पुण्याकडची वाटली."

"कॉलेजाचा की बिल्डराचा?"

"कॉलेजचं म्हणाली."

"म्हणतली ती. बिल्डराचा असा सांगतली काय? आणि पैशे किती दिल्यान?"

मी सांगितलं.

"गो वयनी, फुकट कोण पैशे देता ऐकूक? माझी बायल चाळीस वर्षां बोलता, मी तिका दमडी दिलंय नाय."

त्याही वेळी मला हसू आलं, पण रात्री झोप लागली नाही. पैसे घेतले म्हणजे आपण काहीतरी विकलं, हे डोक्यातून जाईना. दुकानदार पैसे घेतो आणि वस्तू देतो. मी काय दिलं? आणि तिने ते पुढे कोणाला दिलं?

संशय एकदा आला की तो एका जागी बसत नाही. चपात्या न्यायला येणाऱ्या पोरांकडे मी निरखून बघायला लागले. त्यातला एक घरं भाड्याने देणाऱ्या दलालाकडे कामाला आहे, हे मला तेव्हा कळलं. मग एके दिवशी नाक्यावरच्या हॉटेलात भावोजी आणि मेहताजी एका टेबलावर चहा पिताना दिसले. पावती भावोजींच्या नावाने. उद्या त्यांनी एकट्याने सही केली तर गावाच्या खुंट्या कोण विचारतो? मी पदर डोक्यावर ओढून समोरच्या फुटपाथने निघून गेले. त्यांनी मला पाहिलं की नाही, माहीत नाही. चहाचं त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आमच्याकडे वरळी कोळीवाड्याहून एक कोळीण येते. माझ्या सासूबाईंना तिची सासू मासे द्यायची. तिला मी सहज म्हणून त्या मुलीबद्दल विचारलं.

"ती पाठीव बोजा घेऊन फिरते ती? मना पन इचारला तिनं, तुमी कंदी आले. मी बोलली, आमी नाय आलो, तुमी आले."

"पैसे दिले?"

"दिलं. घेतलं मी. मावरा फुकट देतंय का, मंग बोलना कशाला फुकट? माझे घरान जेवून पन जाते ती. काटं काढता येत नाय तिला."

"बिल्डरची नसेल ना?"

"बिल्डरची मानसा बोंबील बघून नाक दाबतान. हिनं दोनदा मागून घेतला."

तिला हा पुरावा पुरेसा होता. मला नव्हता. पण मुलगी कोळीवाड्यात कधी येते ते तिच्याकडून कळलं. मी तिच्याजवळ निरोप ठेवला, आणि मुलगी दोन दिवसांनी माझ्याकडे आली.

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं, आणि पाचशेची एक नोट तिच्यापुढे ठेवली. "उरलेले देते. माझं बोलणं पुसून टाक."

ती गोंधळली. "मावशी, पैसे परत नकोत. तुम्ही सांगा, मी पुसते."

"नाही. तुझे पैसे माझ्याकडे आहेत तोवर बोलणं तुझं आहे. आधी पैसे घे."

मी मोठ्याने बोलत नाही, त्या दिवशीही बोलले नसेन, पण तिने नोट घेतली. मग मी मेहताजींचं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, मी कोणाला ऐकवलेलं नाही. मोबाईल काढून तिने माझंच बोलणं मला ऐकवलं. माझा आवाज इतका बारीक आहे हे मला माहीत नव्हतं. कुलपाचं जिथे होतं तेवढं तिने माझ्यासमोर पुसलं. म्हणाली, बाकीचं राहू दे ना, तांदळाचं. मी म्हटलं, पैसे फिटले की ठेव. फोनमधून पुसलेलं कुठे जातं ते मला ठाऊक नाही. तिच्या तोंडाकडे बघून काही कळेना. खोटं बोलणारी माणसंही चांगल्या तोंडाची असतात.

त्या रविवारी भावोजींनी गाळ्यात सगळ्या खुंटीवाल्यांना बोलावलं. नालासोपारा, विरार, दिवा, कुठून कुठून माणसं आली. मी आमच्या दारात बसून ऐकत होते. एक म्हणाला, वकील करू. दुसरा म्हणाला, वकिलाला द्यायला पैसे असते तर विरारला कशाला गेलो असतो? शेवटी माझा मुलगा म्हणाला, "गणपतीत आरतीची पाळी लावतो की आपण घराघराला. तशीच राहायची पाळी लावूया." सगळ्यांना पटलं. प्रत्येक घरातल्या एका पुरुषाने आठवडाभर गाळ्यात राहायचं, इथूनच कामाला जायचं. पाळी चुकली तर पुढच्या वर्षी देवापुढे नारळ त्याच्या हातून फुटणार नाही. या धाकाने आमच्यातला कोणी पाळी चुकवत नाही.

मी पुन्हा मोठा टोप काढला. तीन-चार जणांचाच स्वयंपाक असतो, पण भिंतीपलीकडे घोरण्याचा आवाज आला की मला बरं वाटतं.

पुढच्या महिन्यात मेहताजी सकाळीच आले. गाळ्याचं दार उघडं, दांडीवर पंचे, मोरीत एकजण अंगाला साबण लावून उभा. मेहताजी म्हणाले, "आज बहुत पब्लिक है."

भावोजी आत पेपर वाचत होते. तिथूनच म्हणाले, "आज नही, रोज का है. बैठो, चाय पियो." आणि भाड्याचे पैसे पुढे केले.

मेहताजी थोडा वेळ मोरीकडे बघत राहिले. मग पिशवीतून पुस्तक काढलं, थांबलेल्या महिन्यांचंही भाडं घेतलं आणि पावत्या फाडल्या. त्या भावोजींनी मला वाचायला दिल्या. नाव त्यांचंच होतं, पण त्यांनी माझ्या मुलाला मोबाईलवर फोटो काढायला लावून तो सगळ्या खुंटीवाल्यांना पाठवायला सांगितलं. मग तो हॉटेलातला चहा भावोजींनी मेहताजींबरोबर कशासाठी घेतला असेल? भाडं घ्या म्हणून विनवायलाही घेतला असेल. मी तसंच धरून चालते.

मेहताजींना कोणी सांगितलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. कुलूप तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होतं. तरी मुलगी आली की मी आधी तिच्या मोबाईलकडे बघते. ती आता तो पिशवीतच ठेवते.

पाचशेच्या आणखी दोन नोटा मी चपात्यांच्या पैशांतून दिल्या, दर वेळी ती आली तेव्हा. शेवटच्या पाचशेला वेळ लागला, पोरं परीक्षा संपल्यावर गावी गेली होती आणि चपात्या बंद होत्या. गेल्या आठवड्यात पोरांनी मागचा हिशेब दिला. मुलगी आली तेव्हा मी पाच शंभराच्या नोटा तिच्यासमोर एकेक करून ठेवल्या. तिने या वेळी नको म्हटलं नाही. नोटा मोजल्या, पिशवीत ठेवल्या आणि म्हणाली, "झाले, मावशी. सगळे आले."