पाळीवरची रेंज

चार माणसं रोज एकाच जागी बसली की किस्से आपोआप साचतात. आमच्या तलावातले मासे संपतील एखादवेळी, पाळीवरचे किस्से संपायचे नाहीत!

मी शिंपी. नागभीडच्या पलीकडे आमचं खेडं. मोबाइलची रेंज गावात कुठेच नव्हती, मिळायची ती फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एका मोठ्या दगडापाशी. त्यामुळे संध्याकाळ झाली की अख्खं फेसबुक त्या दगडावर भरायचं! पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा प्रशांत परवा विचारत होता, "मामा, लोक आता कंटाळले म्हणे. हे सोशल नेटवर्किंग टिकेल का हो?"

म्हटलं, "बापा, तू पाळीवर बसला असता तर विचारला नसता!"

*

आमच्या डोमाभाऊला एकदा हातभर लांब मरळ सापडली. त्यानं मोठ्या ऐटीत फोटो टाकला आणि मासा बाजारात विकून मोकळा झाला. दुपारी मूल गावाहून त्याचे व्याही बायकापोरांसकट दारात हजर!

"काऊन जी, असे अचानक?"

"अचानक कुठी? सकाळीच लाईक केलो ना!"

डोमाभाऊनं गुपचूप कोंबडा कापला.

*

हाच प्रशांत धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या दिवसांत आला होता. त्याची मोटारसायकल पाळीच्या दगडाखालच्याच बांधीत, धानाच्या चिखलात रुतली. पठ्ठ्यानं आधी काय करावं? लाइव्ह गेला! फोनवर बदामच बदाम, गाडी मात्र जागची हलेना. डोमाभाऊ शेताच्या धुऱ्यावर उभा राहून मजा बघत होता.

"त्या बदामवाल्याइले बोलाव ना बे ढकलायले!"

असं म्हणाला आणि पँट दुमडून स्वतःच चिखलात उतरला.

*

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत डोमाभाऊ आणि कवडूजी कडाकडा भांडले. एकमेकांना ब्लॉक करायचं ठरलं. पण त्यालाही रेंज लागतेच की! मग काय, दोघं त्याच दगडावर मांडीला मांडी लावून बसले आणि ब्लॉक करून टाकलं. लगेच कवडूजी मान वाकडी करून डोमाभाऊच्या फोनमध्ये डोकावू लागला.

"तुले ब्लॉक केलो ना मी?"

"फोनात केला. माह्या डोळ्याइले कसा करशीन?"

आठवड्याभरात दोघं एकाच पन्नीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा खात होते.

*

मग गावात टॉवर झाला. घरोघरी रेंज! आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण पाळ ओस पडली.

एकटी म्हातारी सुमनबाई तेवढी यायची. तिच्याजवळ मोबाइल नाही. पोरगा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. पाळीवर कोणीतरी त्याला व्हिडिओ कॉल लावून द्यायचंच, तिला मागावं लागायचं नाही. मी म्हटलं, "बाई, घरी या ना जी, मी लावून देतो."

"लोकायच्या दारात रोज काय मांगत फिरू, भाऊ? इथीच बरी आहो मी."

आणि रिकाम्या दगडाशी बसून राहिली. माझ्या जिवाला फार लागलं ते. मी डोमाभाऊला सांगितलं.

दुसऱ्या संध्याकाळी डोमाभाऊ पाळीवर हजर. "बाई, माह्या घरी रेंजच येऊन नाई राह्यली!" मागोमाग कवडूजी, "माह्याही घरी नाई!" बघता बघता अर्धं गाव पाळीवर, सगळ्यांच्याच घरची रेंज गेलेली! सुमनबाईचा पोरगा पुन्हा रोज फोनमध्ये दिसू लागला. असे लबाड लोक माझ्या गावात आहेत, याचा मला भारी अभिमान आहे!

पण पोरगा साधा. गावाची रेंज गेली हे त्याला खरंच वाटलं आणि त्यानं तिकडूनच कंपनीकडे ऑनलाइन तक्रार केली. एक दिवस साहेब जीप घेऊन आला. घरोघरी हिंडून तपासलं आणि शेवटी पाळीवर येऊन कपाळाला हात लावला.

"अहो, प्रत्येक घरात फुल रेंज आहे! बिघाड आहे तरी कुठे?"

सगळ्यांच्या माना खाली. डोमाभाऊ तर हळूच फोन फ्लाइट मोडवर टाकत होता!

सुमनबाई दगडावरून उठली. साहेबासमोर हात जोडले.

"साहेब, आहे तो बिघाड तसाच राहू द्या जी."