चाकांवरचं स्टेशन

आयोवातल्या आमच्या त्या छोट्या गावात कुठल्या इमारतीवर विश्वास ठेवायचा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. दगडात ‘बँक’ कोरलेलं, आत पिझ्झा. ऑपेरा हाउसात टायर विकायचे. चर्चच्या कठड्यावर एकदा टॉवेल वाळत घातलेले दिसले, तेव्हा समजलं की तिथे कुणीतरी राहतं. सगळं ‘हिस्टॉरिक’ म्हणून जिवापाड जपलेलं आणि एकाचा एकाला मेळ नाही.

२००५च्या उन्हाळ्यात बाबा सांगलीहून आले. भावाने आधीच फोनवर बजावलं होतं, ‘बाबा हल्ली विसरतात, लक्ष ठेव.’ आता बाबा पिझ्झावाल्याकडे पासबुकाची चौकशी करून आले, तर यात आजार कुठला आणि गाव कुठलं? मीही पहिल्या आठवड्यात तिथे चेक घेऊन गेले होते. पण आजार खरा असेल, तर त्यांना दिवसभर घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं. आम्ही दोघंही नोकरीला जाणारी. मला भीती वाटायची, म्हणून मी गावालाच दोष देत राहिले.

फिरायला जाताना त्यांना एकच खूण दिली होती: लाल विटांचं जुनं रेल्वे स्टेशन. गाडी तिथे थांबत नसे, पण निदान ते स्टेशनसारखं दिसायचं. दाराकडे पाठ करायची, डावीकडे चालत सुटायचं, कोपऱ्यावरचं पांढऱ्या व्हरांड्याचं घर आपलं.

एका सकाळी पोहे खाताना ते म्हणाले, “अगं, स्टेशन हलवतायत. खाली चाकं लावलीत.”

“बाबा, चाकं गाडीला असतात, स्टेशनला नाही,” मी जरा तोडूनच म्हणाले. पण पोहे तसेच टाकून उठले. ऑफिसात पोचल्याबरोबर भावाला फोन लावला आणि रडले.

संध्याकाळी आलो, तर बाबा घरात नाहीत. ऑफिसच्या वाटेवर स्टेशन लागत नसे, त्यामुळे तिकडे आम्ही फिरकलोच नव्हतो. आता आधी गाडी तिकडेच घेतली. तिथे नुसती उकरलेली माती.

“यार, खरंच शिफ्ट केलं,” नवरा म्हणाला.

तिथल्या कामगाराने सांगितलं की जागा विकली गेली, म्हणून अख्खी इमारत उचलून पार्कापाशी नेली. मी गाडीत हसत सुटले. बाबा ठणठणीत होते. वेड गावाला लागलं होतं.

पार्कापाशी स्टेशन जणू जन्मापासून तिथेच असल्यासारखं उभं होतं. दाराकडे पाठ करून मी डावीकडे चालू लागले. कोपऱ्यावर पांढरा व्हरांडा होता आणि पायरीशी बाबांचे बूट, नीट जोडून ठेवलेले. खूण त्यांनी तंतोतंत पाळली होती. भावाला काय काय सुनवायचं, ते मी मनात जुळवत होते.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात बाबा खुर्चीवर बसले होते आणि समोर घरमालकीण, एक म्हातारी अमेरिकन बाई, ओळख ना पाळख, कौतुकाने त्यांच्याकडे बघत होती. मला पाहून बाबांना हायसं वाटलं. मला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, “बरं झालं आलीस. या बाई कधीच्या येऊन बसल्यात. चहा टाक, म्हणजे उठतील.”

मी ‘हो’ म्हणाले आणि त्या बाईंच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. चहाचं भांडं कुठे असेल, काही कळेना.