काचेतला चिखल

सोलापुरात राहून समुद्राच्या तळावर पीएच.डी. करायची, हे ऐकून नातेवाइकांनी पोटभर हसून घेतलं होतं. मे महिन्यात मलाही हसू यायचं, पण हसायलाही ताकद लागते. दिवसभर कॉलेजात उत्तरपत्रिका तपासायच्या, उन्हातून घरी यायचं आणि टाकीपुढे बसायचं. मी तासिका तत्त्वावरची शिक्षिका. सुट्टीत प्रयोगशाळेला कुलूप, म्हणून टाकी घरातच, कूलरसमोर.

टाकीत कोकण किनाऱ्याजवळचा चिखल होता. तिथे मासेमारीच्या ट्रॉलरची जाळी समुद्राचा तळ सारखी खरवडत असतात. तळातले किडे, शिंपले, खेकडे बिळं करतात, खालची माती वर आणतात, वरची खाली नेतात. त्या बिळांतून पाणी आणि हवा आत पोचते. जाळी फिरत राहिली की खोल खणणारी मोठी जनावरं आधी संपतात. माझ्या चिखलात असा एकच मोठा किडा जिवंत सापडला होता, वीतभर लांब. चिखलावर मी गुलाबी वाळूचा पातळ थर पसरला होता. किडा ती वाळू किती खोल नेतो, हे काचेतून मोजायचं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या थरावर अडलं होतं.

माझे वडील, आप्पा, मूळचे वैरागकडचे शेतकरी. नंतर जन्म गेला एमआयडीसीत यंत्रमागावर. त्यांना हे पटेना.

"नांगरलं की रान सुधारतंय. समुद्र कसा बिघडंल?"

"आप्पा, तिथला नांगर म्हणजे हा किडाच. जाळं त्यालाच मारतं."

त्यांनी वाकून काचेतून किडा बघितला. "मग ह्याला जपाय पायजे की."

मागाच्या खडखडाटात त्यांचे कान गेलेत, कानाशी ओरडलं तरच ऐकू येतं. टाकीत हवा सोडणारा पंप बंद पडला तर त्यांना कळणार कसं? म्हणून मी बाहेर पडले की ते खुर्ची ओढून, काचेला तळहात लावून बसायचे. पंपाची थरथर थांबली की शेजारच्या काकूंना मला फोन करायला लावायचे. या ड्युटीवर ते भलतेच खूश होते.

त्या दुपारी वीज गेली. तपासणीच्या खोलीत फोन नेऊ देत नाहीत, त्यामुळे काकूंचा फोन मला कळलाच नाही. संध्याकाळी घरी आले तर आप्पा घामाने निथळत टाकीजवळ उभे, हातात तांब्या. टाकीतलंच पाणी तांब्याने काढून उंचावरून परत सोडत होते, हवा मिसळावी म्हणून. दुपारपासून हेच चाललं होतं.

"जित्तं हाय गं! बघ, हलतंय की!"

किडा खरंच हलत होता. गुलाबी थर मात्र उरला नव्हता. पाण्याच्या धारेने वरचा सगळा चिखल ढवळून निघाला होता. कुठली वाळू किड्याने नेली आणि कुठली आप्पांनी, आता कोण सांगणार? मला राग आला, रडूही आलं, पण दोन्हींसाठी अंगात त्राण नव्हतं. त्यांचे दंड थरथरत होते. मी तांब्या काढून घेतला.

"कामाला येईल न्हवं तुझ्या?"

मी होकाराची मान डोलावली.

सकाळी गाईड सरांना फोन केला. मे संपत आला होता; आता पावसाळ्यातली मासेमारी बंदी उठेपर्यंत बोट नाही, नवा चिखल नाही. "टाकी रिकामी करून टाका," ते म्हणाले. फोन ठेवून वळले, तर आप्पा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून टाकीजवळ येऊन बसलेले.

"तुला उशीर हुतोय, जा," ते म्हणाले. "मी हाय की हितं."

मी पेपर तपासायला गेले.